साठ हजार, चार कामं आणि एक कॅमेरा

वाचकाचं पत्र:
मी कोल्हापुरात गंगावेशीत राहतो. वय २५, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला आहे. दीड वर्षात साठ हजार साठवलेत, त्यातून कॅमेरा घ्यायचाय. खासबागेतली कुस्ती, पेठांचा फुटबॉल, रंकाळा-कळंबा तलावांवरचे पक्षी हे सगळं काढायचंय, आणि जमलं तर तुळशीच्या लग्नानंतर लग्नाच्या ऑर्डरी धरायच्यात. दुकानदार कॅनन १५००डी, १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड आणि कार्ड असं सगळं मिळून ५८ हजारांत देतोय. थोरले बंधू म्हणतात, घ्यायचा तर फुल फ्रेमच घे, हप्ते कर. आई म्हणते, मोबाईल काय वाईट आहे? घरात चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. व्हिडिओ करायचा नाही, फोटोच. सेकंडहँड घेतलेलं चालतं का? काय करू?

आमचं उत्तर:
तुम्ही आधी कामांची यादी दिलीत आणि मग कॅमेऱ्याचं नाव लिहिलंत, त्यामुळं उत्तर देणं सोपं झालं. अडचण एवढीच की ही चार कामं चार वेगळ्या गोष्टी मागतात. रात्रीच्या कुस्तीला उजेड ओढणारी लेन्स लागते, फुटबॉलला वेग लागतो, पक्ष्यांना लांब पल्ला लागतो, आणि लग्नात काहीही बिघडलं तरी काम थांबता कामा नये. साठ हजारांत ही चारही पुरी होत नाहीत. दोन नीट होतात, तिसरं दिवसाउजेडी बऱ्यापैकी होतं आणि चौथ्याला थांबावं लागतं. आमच्या मते पक्षी थांबवा.

का, ते हिशेबानं सांगतो. ५५-२५० लेन्स पूर्ण, म्हणजे २५० मिमीपर्यंत, लांबवली आणि पक्षी २० मीटरवर असला, तर १५००डीच्या फ्रेममध्ये आडवी जागा येते १ मीटर ७८ सेंटिमीटर. सेन्सरची, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपची, रुंदी २२.३ मिमी, भागिले २५०, गुणिले २० मीटर, एवढंच गणित आहे. मोठा बगळा नव्वदेक सेंटिमीटरचा, तो निम्मी फ्रेम भरतो, फोटो होतो. खंड्या मात्र चोचीपासून शेपटीपर्यंत २८ सेंटिमीटर. त्याला फ्रेमचा जेमतेम सहावा हिस्सा मिळतो. सहा हजार पिक्सेलच्या रुंदीत त्याच्या वाट्याला साडेनऊशे पिक्सेल, तेही फोकस अचूक बसला आणि हात हलला नाही तर. मोबाईलवर पाठवायला हे चालेल. १२ बाय १८ची प्रिंट काढायला गेलात तर खंड्याच्या जागी निळा डाग दिसेल. पोस्टरवर जे खंड्याचे फोटो आपण बघतो ते बहुधा ५००-६०० मिमीच्या लेन्सनं, दबा धरून, फार जवळून काढलेले असतात. ती लेन्स तुमच्या आजच्या पैशांत येत नाही, आणि २५० मिमी घेऊन तिची भूक भागत नाही. वर्षभर पक्षी डोळ्यांनी बघा, कुठला कुठं बसतो ते वहीत लिहून ठेवा. लेन्स येईल तेव्हा ती वही कामाला येईल.

फुटबॉल सोपा आहे. शाहू स्टेडियमवर दुपारी चारच्या उन्हात एफ ५.६ (अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक; आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), आयएसओ ४०० (उजेड टिपायची संवेदनशीलता) आणि शटर सेकंदाचा हजारावा भाग एवढं सहज मिळतं. कुठलीही साधी झूम चालते. फक्त मैदानाच्या मध्यावर चाललेल्या खेळामागं लागू नका. गोलपोस्टच्या बाजूला बसायची परवानगी मिळवा आणि खेळ तुमच्याकडं येईल तेवढाच टिपा. ऊन मावळलं की कॅमेरा पिशवीत ठेवा, कारण पुढची अडचण तिथूनच सुरू होते.

ती अडचण म्हणजे तुमची कुस्ती. दिव्यांच्या उजेडात खासबागेचा हौद आपल्याला लख्ख दिसतो, कारण डोळा जुळवून घेतो. कॅमेऱ्याला तो उजेड पुरत नाही. समजा, किट लेन्स (संचातली १८-५५) ५.६ वर आहे, आयएसओ ३२०० वर नेलाय आणि कॅमेरा शटर मागतोय सेकंदाचा साठावा भाग. या वेगात उभे पैलवान स्पष्ट येतील. पण पैलवानानं धोबीपछाड मारली की हात, लांग आणि उडालेली माती यांचा एकच तांबडा पट्टा होईल. डाव गोठवायचा तर किमान पाचशेवा भाग हवा, म्हणजे आठपट उजेड हवा. हा आठपट उजेड कॅमेऱ्याची बॉडी देत नाही, लेन्स देते. ५.६ ची लेन्स काढून १.८ ची लावली तर उजेड जवळपास दहापट वाढतो (५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग). म्हणजे त्याच आयएसओवर, त्याच दिव्यांखाली, त्याच बॉडीनं डाव गोठतो.

म्हणून तुमच्या यादीतली पहिली खरेदी ५० मिमी एफ १.८ ही आहे, बॉडी नंतर. मातीच्या कडेला पंचवीसेक फुटांवर बसायला मिळालं तर या लेन्सनं दोन्ही पैलवान डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये बसतात. पंचेचाळीस फूट मागं असाल तर ८५ मिमी लागते, ती पुढच्या वर्षी बघू. आणखी एक खोड माहीत असू द्या. विजेच्या दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. पाचशेव्या भागात शटर त्यातला एक तुकडाच पकडतं, त्यामुळं लागोपाठच्या फोटोंत एक उजळ, एक काळपट असं येतं. कॅमेरा बिघडला असं समजू नका. डाव सुरू झाला की तीन-चार फोटो सलग काढा, त्यातला एक बरोबर लागतो.

आता थोरल्या बंधूंचं म्हणणं. फुल फ्रेमचा सेन्सर तुम्ही घ्याल त्या क्रॉप, म्हणजे छोट्या, सेन्सरच्या २.३६ पट मोठा असतो, म्हणजे सव्वा स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). फायदा खराच आहे. पण त्या बॉडीत सगळे पैसे गेल्यावर तिच्यावर लागेल एफ ४ ची झूम. ४ आणि १.८ मधला फरक सव्वादोन स्टॉपचा. म्हणजे रात्रीच्या खासबागेत क्रॉप बॉडी आणि १.८ ची लेन्स ही जोडी फुल फ्रेम आणि एफ ४ च्या जोडीपेक्षा एका स्टॉपनं पुढं राहते. बंधूंना हे आकडे दाखवा, ते ऐकतील. हप्त्यांबद्दल सांगायचं तर ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी व्याज बँक लावतेच, ते सवलतीच्या रूपानं वळतं केलेलं असतं. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच अंगावर पडते. पगारातून सहज जाणारा हप्ता वेगळा. पण अजून न मिळालेल्या ऑर्डरींच्या भरवशावर हप्ता बांधू नका.

दुकानदाराचा ५८ हजारांचा संच वाईट नाही. १५००डीचे फोटो चांगलेच येतात, आणि घरगुती सहलींसाठी कुणी विचारलं असतं तर आम्ही हो म्हटलं असतं. तुमच्या कामांना तो तीन ठिकाणी तोकडा पडतो. एक, दोन्ही लेन्स लांबवल्या की ५.६ वरच येतात, म्हणजे कुस्ती गेली. दोन, कार्डाचा खाचा एकच, म्हणजे लग्नाची जोखीम. तिसरी गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. फ्लॅश बसवायच्या जागी, म्हणजे हॉट शूच्या मधोमध, एक गोल धातूचा ठिपका असतो. फ्लॅशला पेटायचा इशारा तिथून जातो. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या कॅमेऱ्यांत कॅननने तो ठिपका दिलेलाच नाही. तुम्ही पाच-सहा हजारांचा साधा मॅन्युअल फ्लॅश आणून त्यावर बसवलात तर तो पेटतच नाही. लोक फ्लॅश खराब समजून परत करतात, दुसरा आणतात, तोही पेटत नाही. त्यावर कॅननसाठीच बनवलेला टीटीएल, म्हणजे ताकद आपोआप ठरवणारा, फ्लॅश लागतो, आणि तो महाग पडतो. फुकट मिळणाऱ्या ट्रायपॉडचं म्हणाल, तर तो उघडून मधली दांडी वर घ्या, कॅमेरा लावा आणि डोक्याला हलकी टिचकी मारा. लेन्स दोन-तीन सेकंद थरथरत राहिली तर त्याची किंमत शून्य धरा.

मग साठ हजारांत काय? सेकंडहँड चालतं, तुमच्या बाबतीत तेच बरं. निकॉन डी७२०० किंवा त्याच तोलाची, दोन कार्डांचे खाचे असलेली बॉडी शोधा आणि तिला तीस हजारांच्या वर जाऊ नका. नंतर आलेली डी७५०० नवी म्हणून कुणी गळ्यात मारेल, पण तिच्यात खाचा एकच आहे. ५० मिमी एफ १.८जीला नऊ हजारांपर्यंत. रोजच्या वापराला जुनी १८-१०५, आठ हजारांच्या आत. मॅन्युअल फ्लॅशला सहा. चांगल्या कंपनीची ६४ जीबीची दोन कार्डं आणि रीडर, चार. जास्तीची बॅटरी आणि चार्जेबल पेन्सिल सेलचे दोन संच, दोन हजार. एक हजार हवाबंद डब्याला आणि सिलिका जेलला, त्याचं कारण शेवटी सांगतो. झाले साठ. ही आम्ही तुम्हाला घातलेली कमाल मर्यादा आहे, बाजारभाव महिन्याला हलतो. एखाद्या खणात पैसे उरले तर ते बॉडीकडं वळवू नका, हार्ड डिस्कसाठी ठेवा. लेन्सच्या बाबतीत एक फायदा असा की डी७२०० मध्ये फोकसची मोटर बॉडीतच आहे, त्यामुळं जुन्या, स्वतःची मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्सही तिच्यावर आपोआप फोकस करतात. डी३५०० किंवा डी५६०० वर त्या हातानं फिरवाव्या लागतात.

या मार्गाचा तोटाही सांगायला हवा. कंपन्यांचं नवं काम आता मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, चाललंय, त्यामुळं तीन वर्षांनी हा संच विकायला गेलात तर फारसं काही येणार नाही. आणि उद्या लग्नवाल्यांनी व्हिडिओही मागितला तर डी७२०० चा व्हिडिओत फोकस संथ आहे. तुम्ही फोटोच म्हणालात म्हणून हा सल्ला. व्हिडिओ हवा असता तर मिररलेस घ्यायला लावून फ्लॅश आणि दुसरी लेन्स पुढं ढकलायला सांगितलं असतं.

सेकंडहँड बघायला जाताना खिशात वेगळी छोटी टॉर्च (मोबाईलची नव्हे), आपलं रिकामं कार्ड आणि स्टीलची पट्टी घ्या. दिवसा जा, आगाऊ पैसे पाठवू नका.

बॉडी हातात आली की आधी ती उलटी करा. तळाच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर ती कुणीतरी उघडलेली आहे. बॅटरीच्या कप्प्यातले पितळी संपर्क, ट्रायपॉडच्या भोकाचे आटे आणि हॉट शूचे चार बारके स्क्रू टॉर्चनं बघा. हिरवट-पांढरा थर किंवा तांबेरा दिसला तर किंमत कितीही खाली असली तरी उठून या. आपल्या गावात २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगा घराघरांत शिरली होती. पाण्यात गेलेली बॉडी वाळल्यावर चालते, सहा महिने-वर्षभर बरी चालते, आणि मग आतल्या सर्किटचा गंज आपलं काम करतो. असा कॅमेरा विकणाऱ्यालाही कधी ठाऊक नसतं, कारण तो तिसरा-चौथा मालक असतो.

मग शटर किती वेळा पडलंय ते बघा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या माहितीतच लिहिलेला असतो. तुमच्या कार्डावर एक जेपीईजी काढा, घरी किंवा तिथंच एक्झिफटूलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा, शटर काउंट दिसतो. व्हॉट्सॲपवरून मागवलेल्या फोटोत ही माहिती उडालेली असते, म्हणून मूळ फाईलच हवी. डी७२०० चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. ऐंशी हजारांच्या आत असेल तर निर्धास्त घ्या. सव्वा लाखाच्या पुढं गेलं असेल तर शटर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला. बॅटरीचं वयही मेन्यूत बॅटरी इन्फोमध्ये ० ते ४ असं दिसतं. ४ म्हणजे नवी घ्या.

सेन्सरसाठी अपर्चर एफ १६ वर नेऊन पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम फोकस बिघडवून फोटो काढा आणि मोठा करून बघा. करडे गोल ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. ओरखड्यासारखी रेघ दिसली तर नको. नंतर लेन्सला टोपी घालून आयएसओ ८०० वर चार-पाच सेकंदांचा फोटो काढा. लाल-निळे चकाकणारे बिंदू दोन-चार असतील तर चालतं, भरपूर असतील तर सोडा. दोन्ही खाचांत कार्ड घालून बघा, फ्लॅश लावून पेटवून बघा.

लेन्सचं खरं रूप टॉर्चखाली दिसतं. लेन्स बॉडीवरून काढा, अपर्चर पूर्ण उघडं ठेवा. निकॉनच्या लेन्सला मागं बारीक दांडी असते, ती बोटानं हलकेच सरकवली की पाती उघडतात. अंधाऱ्या कोपऱ्यात जा, मागच्या काचेकडून टॉर्च तिरकी धरा आणि पुढून आत बघा. धुळीचे चार कण कुठल्याही जुन्या लेन्समध्ये असतातच, त्यानं फोटोत काही फरक पडत नाही. बघायचं असतं ते कोळ्याच्या जाळ्यासारखं किंवा काचेच्या कडेवरून आत पसरत चाललेल्या मुळांसारखं पांढरं जाळं. तो फंगस, म्हणजे बुरशी. विकणारा म्हणेल की पुसून जातो. बाहेरच्या काचेवरचा जातो, आतला काढायला लेन्स सगळी खोलावी लागते, आणि फंगसनं काचेचा लेप खाल्ला असेल तर खोलूनही डाग राहतोच. नऊ हजारांच्या लेन्सवर एवढा उपद्व्याप परवडत नाही.

शेवटची परीक्षा फोकसची. सीएनसीवर काम करता, म्हणजे टॉलरन्स काय असतो हे तुम्हाला शिकवायला नको. स्टीलची पट्टी टेबलावर ठेवा, कॅमेरा ४५ अंशांतून तिच्याकडं रोखा, १५ सेंटिमीटरच्या रेघेवर फोकस धरून १.८ वर फोटो काढा. असे पाच. पाचही वेळा १५ चीच रेघ सर्वांत तीक्ष्ण आली तर उत्तम. पाचही वेळा १४ ची आली तर तेही चालेल, कारण डी७२०० मध्ये ही चूक मेन्यूतून सुधारता येते. एकदा १३, एकदा १६ असं भटकत असेल तर फोकसची यंत्रणाच ढिली आहे, तिथं मेन्यू काही करू शकत नाही. व्यवहार झाला की बॉडीचा सीरियल नंबर लिहून साध्या कागदावर पावती घ्या, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडा. मूळ बिल मिळालं तर फारच छान. कोल्हापुरात मनासारखी बॉडी नाही मिळाली तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला फोर्टात जाऊन या. तिथं जुन्या कॅमेऱ्यांची बरीच दुकानं आहेत, दुकानाची लेखी हमीही मागता येते.

आता ऑर्डरी. इथं तुमच्या अपेक्षेला आम्ही जरा आवर घालणार आहोत. या सीझनला स्वतःच्या नावावर लग्न धरू नका. मुरलेल्या फोटोग्राफरच्या हाताखाली दुसरा कॅमेरा म्हणून चार-पाच लग्नं करा, पैसे थोडे मिळाले तरी. कारण अक्षता पडतात ते काही क्षण परत येत नाहीत, आणि त्या क्षणी तुमच्याकडं एकच बॉडी असेल आणि तीच अडकली, तर वधूच्या आईला काय सांगणार? पहिली स्वतःची ऑर्डर घ्याल तेव्हा दुसरी बॉडी भाड्यानं घ्या, लग्नाच्या आदल्या दिवशीच आणा आणि रात्री तपासून ठेवा. ते भाडं ऑर्डरीच्या रकमेत धरा. दुसऱ्या खाचाला मेन्यूत ‘बॅकअप’ हे काम द्या, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकदम लिहिला जातो. ६४ जीबीत या कॅमेऱ्याच्या अठराशे ते दोन हजार रॉ, म्हणजे कच्च्या, फाईल्स मावतात. कार्डं बनावटही मिळतात, घरी आणल्याबरोबर एच२टेस्टडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड ६४ दाखवतं आणि आठ किंवा सोळा जीबीनंतर फोटो गिळतं.

मंगल कार्यालयात फ्लॅश समोरून मारू नका. छत पांढरं आणि दहा-बारा फुटांवर असेल तर फ्लॅशचं डोकं वर वळवा: अपर्चर ४, आयएसओ ८०० ते १६००, शटर १/१००, फ्लॅश पाव ताकदीवर, तिथून कमीजास्त करा. मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर वर मारलेला उजेड तोच रंग घेऊन खाली येतो आणि नवरानवरी कावीळ झाल्यासारखी दिसतात. तिथं मागची पांढरी भिंत शोधा, नाहीतर फ्लॅशच्या डोक्यावर पांढऱ्या कार्डाचा तुकडा रबरानं लावा. १/१०० शटर मुद्दाम सांगितलं. एलईडी दिव्यांचा उजेड जो सेकंदाला शंभर वेळा लपलपतो, त्याचं एक पूर्ण आवर्तन त्यात बसतं, म्हणून फोटोवर आडवे काळे पट्टे येत नाहीत. मागं एलईडीची भिंत लावलेली असेल तर मात्र ती आपल्या तालावर चालते, तिथं आधी दोन-तीन शटर लावून बघा. सेल साधे आल्कलाइन नकोत, सलग फ्लॅश मारताना ते लवकर दम टाकतात आणि भरायला वेळ घेतात.

चार जीबीच्या लॅपटॉपवर २४ मेगापिक्सेलच्या रॉ फाईल्स उघडतील, पण एकेका बदलाला चहा पिऊन होईल. रॅम आठ जीबी होते का आणि एसएसडी बसते का हे विचारायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड नको, आपल्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला विचारा. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ मोफत आहे, सुरुवातीला तेवढं पुरतं. एक टीबीची हार्ड डिस्क साठ हजारांत बसत नाही, पण पहिल्या ऑर्डरीआधी ती हवीच. दोन वेगळ्या जागी प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

आईंचा प्रश्न आम्हाला सगळ्यात रास्त वाटला. मोबाईल एका टिचकीत अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो, सावल्या उजळवतो, चेहरा उजळवतो. तुमचा कॅमेरा जे समोर आहे ते एकदाच टिपतो. त्यामुळं पहिल्या महिन्यात घरात ‘एवढे पैसे घालून मोबाईलपेक्षा काळपट कसे?’ असं ऐकावं लागेल. त्यानं खचू नका. आणि ५० मिमी १.८ वर लावून, खिडकीच्या उजेडात, दोन मीटरवरून आईंचाच फोटो काढा, फोकस जवळच्या डोळ्यावर. फरक त्यांनाच दिसेल.

राहिला डब्याचा हजार रुपयांचा हिशेब. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत जी ओल असते ती लेन्सची वैरी. सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की फंगस धरतो. कपाटात कपड्यांच्या घडीत, चामड्याच्या केसमध्ये किंवा फोमच्या बॅगेत ठेवलेला कॅमेरा सर्वांत आधी बिघडतो, कारण या तिन्ही वस्तू ओल धरून ठेवतात. स्वयंपाकघरातला रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, आत पाव किलो सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला पाहिजे. तीसच्या खालीही नको, रबर आणि वंगण कोरडं पडतं. जेलचा रंग बदलला की जाड कढईत मंद आचेवर परता, रंग परत येतो. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरा.

आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जायची तुमची इच्छा होणारच. गुलाल हा धुळीपेक्षा बारीक असतो आणि १८-१०५ सारखी झूम लांबवता-आखडताना भात्यासारखी हवा ओढते, तिच्याबरोबर गुलाल आत जातो. जायचंच तर ५० मिमी लावा, तिच्यावर साधा यूव्ही फिल्टर, सगळ्या कॅमेऱ्याला पातळ प्लॅस्टिकची पिशवी आणि फक्त लेन्सचं तोंड रबरबँडनं बाहेर. डोंगरावर लेन्स बदलायची नाही, तोंडानं फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं नाही. ओलं फडकं लागलं की गुलालाचा चिखल होऊन बटणांच्या फटीत बसतो. घरी आल्यावर आधी कोरडा ब्रश, मग हातातला रबरी ब्लोअर, बॉडी खाली तोंड करून. पहिल्या वर्षी मात्र यात्रेला मोबाईलच घेऊन जा.